मेलेल्याने चहा करायचा

आमच्या रविवारच्या खेळात जो मरतो त्याने उठून सगळ्यांसाठी चहा करायचा, असा नियम आहे. नव्या माणसाला ही थट्टा वाटते. आम्ही मात्र तो अगदी काटेकोर पाळतो. चहात साखर कमी पडली म्हणून चंदू ढोक एकदा मेलेल्या वसीमशी महिनाभर धड बोलला नव्हता.

खेळ कसा ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. टेबलाभोवती चारजण बसतात. एक सूत्रधार, म्हणजे मी, मनवा पांढरीपांडे. बाकीचे तिघे एकेक पात्र घेतात. मी जग सांगते: समोर दरी आहे, पूल कुजका आहे, पलीकडे राक्षस घोरतोय. ते सांगतात की आपलं पात्र आता काय करणार. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. बाकी सगळं तोंडी. एकच कथा वर्षानुवर्षं पुढे जात राहते. आमची नागपुरात, त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, दर रविवारी दुपारी कूलरच्या घरघरीत चालते.

चंदूचं औषधांचं दुकान आहे आणि तो स्वतः फुंकर मारली तर उडेल इतका बारीक आहे, म्हणून त्याचं पात्र भीमक, पहाडासारखा योद्धा, सोबत वाघऱ्या नावाचा कुत्रा. वसीम शेख शाळेत गणित शिकवतो. त्याचा वैद्य मृगांक नाडी बघून माणसाच्या सात पिढ्या सांगतो. आणि तिसरी झिपरी. पंधरा वर्षांची, केस विस्कटलेली, तोंडाने फाटकी, जगातली सर्वांत निर्लज्ज चोर. ती माझ्या बाबांची.

बाबा वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. निवृत्त झाल्यावरही घरात पूर्ण वाक्यात बोलायचे. चंदूलासुद्धा 'चंद्रशेखर' आणि 'तुम्ही' म्हणायचे. एकदा आमचा एक भिडू पुण्याला बदलून गेला, टेबलाला माणूस कमी पडलं, म्हणून मी त्यांना ओढून बसवलं. अर्ध्या तासात हा गृहस्थ आयुष्यात पहिल्यांदा शिवी देत होता, तीही मुलीच्या तोंडून, आणि इतका खूश होता की उठेचना.

नियमही त्यांच्यामुळेच झाले. आधी आमच्याकडे मरण फार स्वस्त होतं. खेळाच्या छापील पुस्तकाप्रमाणे वैद्याने मेलेल्याच्या कपाळाला हिऱ्याची पूड लावली की तो उठून बसायचा. भीमक तर इतक्यांदा मेला की आम्ही त्याच्याकडे बघणंसुद्धा सोडलं होतं. एका रविवारी तो पुन्हा उठला, तेव्हा बाबांनी हातातला फासा खाली ठेवला.

"चंद्रशेखर, तुम्ही आत्ता मेलात आणि आम्ही शेंगदाणे खात होतो. हे काही बरं नाही."

"सर, पण मी जगलो ना परत! काहून बोर करून राहिले?"

"तेच म्हणतोय. तुम्ही जगलात तेव्हाही आम्ही शेंगदाणेच खात होतो."

त्या दिवशी खेळ झालाच नाही, नुसतं भांडण झालं आणि त्यातून आमचे घरचे नियम ठरले. मरण ज्या बैठकीत आलं त्याच बैठकीत काय तो निकाल लागायचा. मी 'आजचा खेळ थांबला' म्हटलं की संपलं. हिऱ्याची पूड बाद. उरलेल्या प्रत्येकाने आपल्या पात्राचं असं काहीतरी द्यायचं की जे गेल्यावर जीव खरंच हळहळेल. दिलेलं परत मिळणार नाही, मेलेला आला तरी आणि नाही आला तरी. आणि तिसरा नियम हा बाबांचा हट्ट होता. ज्याला परत आणायचं त्याला विचारायचं. एकदाच. तिथे फासा नाही. तो नाही म्हणाला तर पुन्हा विचारायचं नाही आणि कारणही विचारायचं नाही.

आता कोणी काय दिलं ते मेलेल्याने ऐकलं तर तो भिडेपोटी 'हो' म्हणेल. म्हणून त्याने तेवढा वेळ स्वयंपाकघरात जायचं. आणि तिथे रिकामा उभा राहून काय करणार, तर चहा. चंदूची सूचना.

झिपरी त्या वर्षांत दोनदा मेली. दोन्ही वेळा बाबा ट्रे घेऊन आले, आम्ही विचारलं, "झिपरे, येतेस का?" आणि कप वाटता वाटताच उत्तर आलं, "येते की! एवढं आलं ठेचून घातलंय, तो चहा काय यमाला पाजू?"

आईने या सगळ्यात कधी भाग घेतला नाही. "तुमचे राक्षस तुम्हालाच लखलाभ," म्हणायची आणि रविवारची दुपार स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी पेपर घेऊन काढायची.

या दोन्ही मरणांच्या आधीच आमच्याकडे डबा आला होता. त्याचं खरं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण दिसायला तो पोळ्यांचा डबा, वर एक हिरवा दिवा. हैदराबादची एक छोटी कंपनी ते बनवायची. काम साधं होतं. टेबलावर बसायचं, ऐकायचं आणि कोणाकडे किती बाण उरले, कोणत्या गावात कोणाला काय वचन दिलं, हे लक्षात ठेवायचं. पहिल्या उन्हाळ्यात त्याने कूलरच्या घरघरीला अजगर समजून कथेत घातलं होतं. पुढे शहाणा झाला. मग कंपनीने त्यात एक नवी सोय आणली: एखादा खेळाडू गैरहजर असेल तर त्याच्या जागी डबा खेळेल, त्याच्याच आवाजात.

आवाजाचं आता कोणाला कौतुक नाही, तो काय शेजारचा मुलगाही फोनवर काढून दाखवतो. कौतुक होतं ते निर्णयांचं. आपण दिवसभरात शेकडो गोष्टी ठरवतो, पण का ठरवल्या ते कोणाला सांगत बसत नाही. भाजीवाल्याकडे वांगी सोडून दोडका घेतला, तर त्याचं कारण पोटातच राहतं. म्हणून माणसाची पत्रं, फोटो, संदेश कितीही गोळा केले तरी यंत्राला तो माणूस वरवरचाच कळतो. खेळाच्या टेबलावर मात्र उलटं आहे. तिथे माणूस मोठ्याने म्हणतो, 'मी मागे फिरते, कारण हा पहारेकरी मला आवडला नाही.' परिस्थिती, निर्णय, कारण आणि परिणाम, चारही एका जागी, आणि वर्षानुवर्षं. यंत्र त्यातून त्या माणसाच्या मनाचे कल शोधतं. कुठे तो धोका पत्करतो, कोणासाठी पत्करतो, कशावर चिडतो, कधी हसून वेळ मारून नेतो. नवा प्रसंग आला की त्या कलांवरून अंदाज बांधतं आणि बोलतं. त्याला काही 'आठवत' नाही, 'वाटत' नाही. पावसाचा अंदाज सांगणाऱ्या यंत्राला कुठे भिजायला होतं?

पण अंदाज इतका बरोबर निघायचा की अंगावर काटा यायचा.

बाबांची किडनी गेली आणि रविवार चुकायला लागले, तेव्हा आम्ही ही सोय वापरली. दवाखान्यात पडल्या पडल्या ते कानात यंत्र घालून स्वतःलाच खेळताना ऐकायचे. "ही माझ्यापेक्षा बरी खेळते गं," एकदा म्हणाले. पुढचं काही बोलायला मी तयार नव्हते. तेच तयार होते. नव्या कायद्याने माणसाला स्वतःच्या आवाजाची मर्यादा हयातीतच सांगून ठेवता येते, ती त्यांनी कंपनीला सांगून टाकली. झिपरी जिवंत आहे तोवर आवाज चालू. ज्या बैठकीत ती कायमची मरेल, ती बैठक संपली की बंद. आणि आवाज फक्त झिपरीचा. प्राध्यापक पांढरीपांड्यांचा नाही.

"असं का, बाबा?"

"म्हणजे उद्या कोणी माझ्या आवाजात तुझ्या आईला फोन करून दळण आणायला सांगायला नको," ते म्हणाले.

ते गेले. तेरावं झालं. त्यानंतरच्या रविवारी चंदू आणि वसीम आले आणि चपला काढून तसेच दारात उभे राहिले. मी डबा बाबांच्या खुर्चीसमोर ठेवला आणि दिवा लावला.

"झिपरी, तू नदीकाठी उभी आहेस," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

"नदीकाठी काय करू? आंघोळ? गेल्या वर्षी केली ना!"

बाबांचा आवाज. तोच थोडा घसा बसल्यासारखा, शेवटी चढणारा. आम्ही तिघे हसलो आणि हसता हसताच रडलो. स्वयंपाकघरात आईने मिक्सर लावला आणि बराच वेळ चालू ठेवला. नंतर मी आत गेले तर भांडं कोरडं ठणठणीत होतं.

तेव्हापासून मी रविवारसाठी जगायला लागले. हे उगाच मोठं करून सांगत नाही. सोमवारपासून मी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासत असायचे आणि डोक्यात एकच, की येत्या रविवारी झिपरीला कशावर बोलतं करायचं. पण तो आवाज मला कधी 'मनू' म्हणत नव्हता. 'सूत्रधारबाई' म्हणायचा. एकदा सगळे गेल्यावर मी डब्याजवळ वाकून हळूच म्हटलं, "बाबा."

"कोणाचा बाप?" झिपरी म्हणाली. "मी तर अनाथ आहे बाई. काही खायला आहे का?"

मग मी आडवाटेने जायला लागले. जडीबुटी विकणारी एक म्हातारी कथेत आणली, म्हणजे झिपरी तिच्याशी झाडांवर भांडेल. भांडली. पळसाची साल आणि बिब्ब्याचं तेल यावर ती जे बोलली ते शब्दशः बाबांचं होतं, फक्त मध्ये मध्ये शिव्या. मला ते पुरेना. एका रविवारी मी जत्रेत हरवलेली एक मुलगी आणली. नाव ठेवलं मनू.

"माझे बाबा सापडत नाहीत," मी त्या मुलीच्या आवाजात म्हटलं. चंदूने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"रडू नकोस गं पोरी," डबा म्हणाला. "ये, इकडे ये माझ्याजवळ."

मी डब्याकडे सरकले.

"तिला जवळ घेते," झिपरी म्हणाली, "पाठीवरून हात फिरवते, आणि कमरेची पुरचुंडी काढते. फासा टाकू का?"

वसीम इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले. रात्री मात्र उशीत तोंड खुपसून रडले, कारण बाबांनी अगदी हेच केलं असतं.

झिपरी मेली तर हे सगळं संपणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग मी काय केलं असेल? तिच्यावर सुटलेले बाण चुकायला लागले. राक्षसांना नेमकी ती समोर आली की शिंक यायची. सूत्रधाराने फासा उघड्यावर टाकायचा अशी आमची पद्धत, पण मी पुठ्ठ्याचा एक आडोसा उभा केला आणि त्याच्यामागे टाकू लागले. चंदूच्या ते ध्यानातही आलं नसतं. वसीम गणिताचा माणूस. त्याने बरेच रविवार सहन केलं आणि एक दिवस चपला घालताना मला बाजूला घेतलं.

"मनवा, तो आडोसा काढ यार. सर असते तर केव्हाच उठून गेले असते."

"सर नाहीत वसीम."

"म्हणून तर काढ."

मी दोन दिवस त्याच्यावर जळफळत होते. मग आडोसा रद्दीत टाकला.

पुढच्याच रविवारी कृष्णकोटचा झुलता पूल आला. तिघे किल्ल्यातून पळत होते, मागे पहारेकरी, आणि पलीकडे जाऊन दोर कापल्याशिवाय सुटका नव्हती. पण पूल तिघांच्या वजनाने पडला असता. कोणीतरी एकाने पुढे जाऊन पलीकडे उचलून ठेवलेला साकव, म्हणजे लाकडी पूल, खाली टाकायचा होता.

"मी जाते," झिपरी म्हणाली. "हे दोघे बैल आहेत. पुलाला हे पेलायचे नाहीत."

"बुरुजावर धनुर्धारी आहे," मी म्हटलं. हे सांगायची गरज नव्हती. मी वाट बघितली की ती विचार बदलेल.

"असू दे. मी बारीक आहे."

ती पोचली. साकव पडला. भीमक आणि मृगांक पलीकडे उतरले, आणि मग धनुर्धाऱ्याची पाळी आली. ती मला टाळता येत नव्हती. मी फासा टेबलाच्या मधोमध टाकला. तो घरंगळत चंदूच्या पेल्याला लागून थांबला. वीस. याहून अचूक नेम नसतो.

मी काय झालं ते सांगितलं, कारण ते माझं काम आहे. बाण कुठे लागला, ती कशी बसली, मृगांकच्या हाताखाली नाडी कशी थांबली.

"लागला वाटतं," झिपरी म्हणाली, आणि डबा गप्प झाला.

"नियमाप्रमाणे करू," वसीम म्हणाला.

मी डबा उचलून स्वयंपाकघरात नेला. आई पेपर वाचत होती.

"आई, झिपरी मेली. तिला इथे ठेवते. आणि चहा तुलाच टाकावा लागेल, मेलेल्याला हात नाहीत."

आईने चष्म्यावरून डब्याकडे पाहिलं. इतके महिने ती त्याच्यासमोर आली नव्हती. "ठेव तिथे," ती म्हणाली. "कुकरपासून लांब."

हॉलमध्ये वसीमने आधी दिलं. मृगांकची नाडीपरीक्षा. पहिल्या दिवसापासून वाढवत आणलेली विद्या, तिच्याशिवाय तो वैद्य कसला. "आता मलमपट्टी करेन फक्त," वसीम म्हणाला आणि पेन्सिल बराच वेळ हातात फिरवत बसला. चंदूला काही सुचेना. मग त्याला सुचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"वाघऱ्या," तो म्हणाला. "मरणार नाही तो. पण भीमकले ओळखणार नाही. भीमक हाक मारीन आन् तो नुसता पाहीन." त्याने बाहीने डोळे पुसले. "काही नाही झालं मले. कूलरचं पाणी उडून राहिलं."

सूत्रधाराकडे स्वतःचं पात्र नसतं, त्यामुळे मला द्यायला काही नव्हतं. पण खरं सांगायचं तर मी आतून निवांत झाले होते. उत्तर काय येणार ते ठरलेलंच होतं. डब्याने दोन वेळा तिचा 'होकार' ऐकला होता, शिवाय वर्षानुवर्षांची तिची हावरी, जगायला चटावलेली वृत्ती. असा अंदाज चुकतच नाही. पाच मिनिटांत झिपरी परत येणार होती आणि मला पुढचे सगळे रविवार मिळणार होते.

मी डबा आणायला गेले आणि दाराशीच थबकले. आत बोलणं चालू होतं.

"कोण गं तू म्हातारे?"

"मी इथे चहा करते," आई म्हणाली.

"यमाची स्वयंपाकीण का?"

आई हसली. बाबा गेल्यापासून मी तिला असं मोकळं हसताना ऐकलं नव्हतं. "तसंच समज," ती म्हणाली.

"आलं किसू नकोस. ठेच."

"ठेचतेच आहे हो," आई म्हणाली. बत्त्याचा आवाज थांबला.

मी आत गेले. "आई, न्यायला आलेय हिला."

"थांब." तिने गॅस बारीक केला. डब्याकडे न बघता माझ्याशी बोलायला लागली. "तुझे बाबा मेले की इथे यायचे ना, ते ओट्याला टेकून उभे राहायचे. आलं ठेचायचे. आणि विचारायचे, 'कालिंदी, जाऊ का परत?'"

"तुला विचारायचे?"

"मग कोणाला? मी म्हणायची, जा बाप्पा, पोरगी तिकडे तोंड एवढंसं करून बसली असेल. की निघाले ट्रे घेऊन."

मी ओट्याला धरून उभी राहिले. डब्याने वर्षानुवर्षं ऐकलं, जोडलं, तोललं आणि बाबांचं मन काढलं. पण तो टेबलावर होता. दोन्ही वेळचा होकार ठरला होता या खोलीत, भिंतीपलीकडे, आणि तो बाबांचा नव्हताच. आईचा होता.

"दोन्ही वेळा?" मी विचारलं.

"दोन्ही वेळा. वाटायचं गं, म्हणावं, नका जाऊ. बसा थोडं. रविवारी माझ्या वाट्याला तेवढेच यायचे. पण तुम्ही सगळे तिकडे ताटकळलेले."

मला कळत होतं आता मी काय विचारायला हवं, आणि ते विचारायची मला भयंकर भीती वाटत होती.

"मग आज काय सांगतेस?"

आईने पहिल्यांदा डब्याकडे नीट पाहिलं. "आज नको नेऊस," ती म्हणाली. "इथेच असू दे."

मला राग आला. सरळ सांगते, इतका आला की डबा उचलून पळावंसं वाटलं. हा आवाज माझ्या टेबलावर वाढला होता. मी त्याच्यासाठी खोटे फासे टाकले होते. आणि ही बाई, जिने एकदाही खुर्ची ओढून आमच्यात बसायचे कष्ट घेतले नाहीत, तिने एका शब्दात माझे सगळे रविवार काढून घेतले. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात आईने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, पदराने पुसलं आणि ओट्याजवळ ठेवलं. स्वतः बसली नाही. पुसून नुसतं ठेवलं आणि डब्याला म्हणाली, "बसा जरा."

मी ट्रे उचलला आणि बाहेर आले.

"झिपरी येत नाही," मी म्हटलं.

वसीमने तोंड उघडलं आणि मिटलं. कारण विचारायचं नसतं. चंदूने कप घेतला, फुंकर मारली, प्यायला नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला. "वाघऱ्या जंगलात राहीन. त्याले जंगल आवडते."

आता मी तीन शब्द म्हटले की बैठक संपणार होती आणि आवाजही. दोघांनाही ते माहीत होतं. भिंतीपलीकडून आईचं पुटपुटणं ऐकू आलं, मग बाबांचा आवाज, मग आईचं हसू. शब्द कळत नव्हते. मी उठून दाराला कान लावला असता तर कळले असते. मी बसूनच राहिले.

चंदूने दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीत सावरून बसला.

"भीमक झिपरीसाठी चिता रचतो," तो म्हणाला. "लाकडं आणायला जंगलात जातो."

"किती आणतो?"

"एकेक करून आणतो."

"आणि मृगांक प्रत्येक लाकूड कोणत्या झाडाचं ते तपासतो," वसीम म्हणाला. "उगाच कसलंही नको. सरांना चाललं नसतं."

मग आम्ही चिता रचली. एका लाकडाला एक फासा. चंदू साग आणायचा, वसीम म्हणायचा ओला आहे, परत जा. तो तेंदू आणायचा, मी सांगायचे वाटेत ओढा आहे, कसा ओलांडतोस? तो ओलांडायचा. इतका कंटाळवाणा खेळ आम्ही कधी खेळलो नसू आणि कोणालाही तो संपायला नको होता. कूलरमधलं पाणी संपलं, नुसता पंखा खडखडायला लागला, तरी कोणी उठलं नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं आणि गेलं. आत मध्येच शांतता व्हायची. मग मी फासा मुठीतच धरायचे. पुन्हा आवाज यायचा, घसा बसल्यासारखा, शेवटी चढणारा. मला तो अजून हवा होता.

दिवेलागणीला आई डबा घेऊन बाहेर आली. डोळे लाल, पण चेहरा बरा होता. तिने तो बाबांच्या खुर्चीसमोर ठेवला. हिरवा दिवा चालू होता.

"झालं गं आमचं," ती म्हणाली. "मिटव आता."

"काकू, काय म्हणे झिपरी एवढा वेळ?" चंदूच्या तोंडून निघून गेलं. वसीमने त्याला कोपर मारलं.

"चोर ना ती," आई म्हणाली. "घराची टेहळणी करून राहिली होती. कपाटं कुठे, किल्ल्या कुठे. मग विचारलं तिने, 'म्हातारे, घरात पुरुषमाणूस कोण असतं?'"

"मग?"

"म्हटलं, होते. तर म्हणते, 'गेले कुठे?'" आईने डब्यावर हात ठेवला. "आता त्यांना मी काय सांगणार, ते कुठे गेले ते?"

भीमकाने शेवटचं लाकूड ठेवलं. मी आजचा खेळ थांबवला.